इन-सुकच्या कमरेवरचे दोन हात

कल्पना करा, तुम्ही बर्फावर आहात. गुडघे इतके वाकवलेत की छाती मांड्यांना टेकली आहे. हात गुडघ्यांवर. पायांखाली सुरीसारखी दोन पाती, दोन्ही सरळ पुढे रोखलेली. पाय मारायचा नाही, नुसतं घसरत राहायचं. वेग हळूहळू मरत चाललाय. आणि मागून आवाज येतोय, ओलं लाकूड करवतीनं कापावं तसा. तो जवळ येतो. मान वळवावीशी वाटते. वळवायची नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की कंबर, आणि मग येणारे हात चुकीच्या जागी पडतात. म्हणून समोर बघायचं, श्वास धरायचा आणि वाट बघायची. मग दोन तळवे कमरेच्या खाली बसतात, धक्का लागतो, आणि तुम्ही सुटता. हात कोणाचे होते ते तुम्हाला दिसत नाही.

छोट्या ट्रॅकच्या स्केटिंगमध्ये रिलेची पाळी अशी बदलते. काठी नाही, झेंडा नाही, फक्त हात. प्यो इन-सुकनं हे आयुष्यात अगणित वेळा केलं. त्यातल्या एका वेळी तिच्या मागे कोणीच नव्हतं, आणि तरी हात लागले.

आमच्या गावात तिला सगळे कोच म्हणतात. गाव कोरियात, गांगवनच्या डोंगरात आहे, एके काळी कोळशाचं होतं. खाण बंद झाल्यावर सरकारनं आम्हाला एक बंदिस्त रिंक बांधून दिला, कोळशाच्या बदल्यात बर्फ. त्या रिंकचं यंत्रघर मी सांभाळतो. कोच तिथं पोरांना शिकवते. पन्नाशीची, बुटकी, मांड्या अजून ओंडक्यासारख्या. राज्याची, देशाची आणि एकदा जगाची पदकं तिच्या नावावर आहेत, पण ती घरात दिसत नाहीत. पोरं विचारतात, "कोच, पदक दाखवा ना." ती म्हणते, "आधी तुझं वळण दाखव. म्हशीसारखा वळतोस."

ती लहान असताना रिंक नव्हता. हिवाळ्यात कू नावाचा म्हातारा शेतकरी भाताच्या खाचरात पाणी सोडायचा आणि ते गोठलं की पोरांकडून थोडे पैसे घेऊन आत सोडायचा. बर्फात भाताचे खुंट अडकलेले असायचे. त्यांना चुकवत चुकवत इन-सुक वळायला शिकली. तिच्याबरोबर शिकली चू मि-ओक. दोघी एकाच वर्गात, दोघींचे बाप एकाच पाळीत खाणीत उतरायचे. मि-ओक उंच, हातापायांनी लांब, बोलायला तिखट.

मो सरांनी दोघींना तिथंच उचललं. मो सर आधी खाणीत होते, कोळशाच्या धुळीनं छाती गेल्यावर शाळेत खेळाचे मास्तर झाले. त्यांच्याकडे शिकवायला बर्फ कमी आणि रूळ भरपूर होते. बंद पडलेल्या बोगद्याबाहेर रिकाम्या कोळशाच्या गाड्या उभ्या असत. सर मुलींना त्या ढकलायला लावायचे.

"खांद्यानं नाही, तळव्यानं. गाडी आधी हलत नाही, मग हलते. ती हलायच्या क्षणी हात काढायचा. आधी काढलास तर गाडी थांबते, नंतर काढलास तर तू तोंडावर पडतेस."

मि-ओकला हे असं जमलं की बाकीच्या पोरी बघत राहायच्या. तिचा उजवा हात डाव्याच्या किंचित आधी बसायचा, कारण लहानपणी डावा कोपर मोडून वाकडा जुळला होता. आणि सोडताना ती करंगळीनं इन-सुकच्या अंगातल्या स्केटिंगच्या सुटाला एक बारीक चिमटा काढायची. पहिल्यांदा इन-सुक चिडली होती.

"हे काय?"

"सही केली," मि-ओक म्हणाली. "तुला मागचं दिसत नाही ना. मीच आहे हे कळायला नको?"

रिलेत मि-ओक तिसरी आणि इन-सुक शेवटची, असं ठरूनच गेलं. शाळेच्या सगळ्या वर्षांत इन-सुकला दुसऱ्या कोणी ढकललं नाही. ती म्हणते, त्या चिमट्याची इतकी सवय झाली होती की तो लागेपर्यंत पाय आपोआप थांबून राहायचे.

शेवटच्या वर्षी सोलच्या विद्यापीठाचे लोक राज्यांच्या हिवाळी स्पर्धेत मुली निवडायला येणार होते. इन-सुकला जायचं होतं. नाही गेली तर तिच्यासाठी गावात खाणीची खानावळ होती, जिथं तिची आई भात शिजवायची. त्या पावसाळ्यात तिला वाटायला लागलं की मि-ओकच्या वाकड्या हातामुळे आपण सुटताना किंचित डावीकडे ओढले जातो. हे खरंही होतं, पण आधीपासूनच होतं. ती मो सरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, मि-ओकचा धक्का वाकडा बसतो. एक वर्ष खालच्या वर्गातली जंग-ए जास्त ताकदवान आहे."

सरांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावरची नावं बदलली.

त्या दिवशी मि-ओकनं तिला अखेरचं ढकललं, जंग-एला दाखवायला म्हणून. हात बसले, धक्का लागला, चिमटा लागला नाही.

शहरातल्या रिंकवरून परतीच्या बसमध्ये दोघी शेजारीच बसल्या होत्या, कारण नेहमी बसायच्या.

"तूच सांगितलंस ना सरांना?"

"सरांना दिसत नाही का? माझं काय नाव घेतेस?" इन-सुक म्हणाली.

"बरं." मि-ओक खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "जंग-ए चांगली आहे. फक्त ढकलताना डोळे मिटते. तुला कळायचं नाही म्हणा. तुला मागे कोण आहे ते कधी दिसलंच नाही."

"तुला काय दिसायचं?"

"तुझी पाठ. इतकी वर्षं तेवढीच बघतेय. तू खोटं बोललीस की तुझी पाठ ताठ होते. आत्ता झालीय."

त्यानंतर मि-ओक सरावाला आली नाही. इन-सुक तिच्या घरी गेली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, रेस झाल्यावर जाऊ.

हिवाळा लागला. मि-ओकची आई किमचीचं लोणचं घालायला माहेरी गेली, बाप पाळीवर. मि-ओक बाहेरच्या खोलीत झोपली. आमच्याकडे तेव्हा घरोघरी भोकं पाडलेल्या कोळशाच्या वड्या जमिनीखाली जळायच्या आणि जमीन तापायची. खोलीच्या जमिनीला केसाएवढी चीर होती. तिच्यातून वर येणाऱ्या कोळशाच्या वायूला वास नसतो. सकाळी शेजारणीनं दार उघडलं तेव्हा खोली ऊबदार होती. लोकांनी आमच्या रीतीप्रमाणे, वायूवर उतारा म्हणून, मुळ्याच्या किमचीचं गार पाणी तिच्या तोंडात घातलं. ते ओघळून उशीवर आलं.

इन-सुक धावत आली तेव्हा पोरगी अजून पांघरुणातच होती. चेहरा झोपल्यासारखा, गालांवर रंग. दोन्ही हात पांघरुणाबाहेर, कोपरात वाकलेले, मनगटं मागे, तळवे पुढे. कोणीतरी म्हणालं, "दार ढकलायला निघाली असेल बिचारी." इन-सुकनं ते हात ओळखले. उजवा किंचित पुढे होता.

ती माफी मागायची राहिली. पुढचं सगळं त्यातून आलं. इन-सुकला पदकं नको होती असं नाही, पण त्या सकाळपासून तिला एकच गोष्ट खरी हवी होती: मि-ओकचा राग गेला की नाही, हे कळायला.

लग्न न झालेल्या पोरीचं श्राद्ध आमच्याकडे घालत नाहीत. घालणार कोण, पोटचं कोणी नसतं. लोक म्हणतात अशी मुलगी कुठल्याच घरची राहत नाही, फिरत राहते. मि-ओकच्या आईला ते सहन होईना. तिनं ठरवलं, श्राद्ध नाही तर वाढदिवस करीन. वाढदिवसाला आमच्याकडे समुद्री शेवाळाचं सार करतात. आणि मि-ओकचा वाढदिवस आला नेमका रिलेच्या अंतिम फेरीच्या दिवशी.

आता हे कोणाही कोरियन माणसाला सांगा, तो आधी हसेल आणि मग गप्प होईल. परीक्षेच्या किंवा स्पर्धेच्या दिवशी शेवाळाचं सार कोणी तोंडाला लावत नाही. शेवाळ गिळगिळीत असतं, खाल्लं की माणूस घसरतो. शिकलेले-सवरलेलेही हे पाळतात. स्केटिंगच्या मुली तर आठवडाभर त्या दुकानावरून जात नाहीत.

सोलच्या रिंकवर, कपडे बदलायच्या खोलीत, मि-ओकची आई डबा घेऊन आली. डोंगरातून पहाटेच्या बसनं आली होती. झाकण उघडलं तसा समुद्राचा वास पसरला. बाकीच्या मुली भिंतीकडे सरकल्या.

"खाऊन घे," ती इन-सुकला म्हणाली.

"आई, रेस झाल्यावर घेते." मैत्रिणीच्या आईला आम्ही आईच म्हणतो.

"रेस झाल्यावर ते गार होईल. तिला गार आवडायचं नाही."

जंग-ए इन-सुकच्या कानाशी लागली. "ऑन्नी, शेवाळ आहे. आज. नको ना." ऑन्नी म्हणजे थोरली बहीण. एका वर्षानं मोठ्या असलेल्या मुलीलाही धाकटीनं तसंच म्हणायचं असतं.

मि-ओकच्या आईनं ते ऐकलं. "तिच्या जागी आलीस ती तूच ना?" तिनं जंग-एला विचारलं. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मग तूही घे."

मोठ्या माणसानं दोन्ही हातांनी पुढे केलेलं नाकारता येत नाही. इन-सुक वाटी संपेपर्यंत प्यायली. जंग-एनं एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

मो सर आत आले, वास आला आणि त्यांचा चेहरा उतरला. मि-ओकची आई तिथंच उभी होती म्हणून त्यांना ओरडता येईना. त्यांनी इन-सुकला दाराबाहेर नेलं.

"मी खाणीत होतो. खाणीत कोणी शीळ घालत नाही. का, ते कोणी विचारत नाही. घालायची नाही म्हणजे नाही."

"सर, तिचा वाढदिवस आहे."

"माहीत आहे मला." त्यांनी तिच्या डोक्यावर हेल्मेट बसवलं आणि पट्टा इतका ओढला की गाल दुखला. "जा. आणि मागे बघू नकोस."

रेस चालू झाली. आमचा संघ तिसऱ्या जागेवर होता. शेवटच्या बदलाला इन-सुक आतून ट्रॅकवर आली, सरळ पट्ट्याच्या तोंडाशी वाकली, पाय जोडले आणि घसरू लागली. मागून जंग-एच्या पात्यांचा आवाज येत होता. तो ती ओळखायची, थोडा फरफटता. तो जवळ आला. मग एक कर्कश ओरखडा, एक धप्प, आणि मग काहीच नाही. लोकांचा गलकासुद्धा नाही. ती म्हणते, यंत्रघर एकदम बंद पडलं की रिंकवर जशी शांतता होते, तशी.

तिनं मागे पाहिलं नाही. वेग मरत चालला होता.

मग हात लागले. आधी उजवा, किंचित नंतर डावा. हातमोज्यातूनही गार लागतात तसे हात नव्हते ते. ऊबदार होते, तापलेल्या जमिनीवरून उचलल्यासारखे. गाडी आधी हलत नाही, मग हलते. ती हलली. इन-सुक चिमट्याची वाट बघत राहिली, अगदी एखादा श्वासभर, आणि तो लागला नाही, आणि तोवर ती वळणावर पोचली होती.

पुढच्या दोन फेऱ्यांत तिनं दोघींना मागे टाकलं. शेवटच्या क्षणी पातं रेषेपलीकडे टाकून ती जिंकली. मग तिनं वळून पाहिलं. जंग-ए दूरवर कडेच्या गाद्यांपाशी उठत होती, गुडघ्यांना बर्फ लागलेला.

"ढकललं आणि पडली," मो सर सगळ्यांना सांगत होते. "ढकललं आणि मग पडली." पंचांपैकी एकाच्या डोळ्यांपुढे सोलच्या संघाची मुलगी आली होती, दुसरा कडेच्या बाजूला बघत होता. जंग-एला विचारलं तेव्हा तिनं मान हलवली. हात लागला नसता तर चौघींचं पदक गेलं असतं. मान हलवली म्हणजे हो, असं सगळ्यांनी धरलं. इन-सुकनंही धरलं. मि-ओकच्या आईनं रिकामा डबा पुसला, फडक्यात बांधला आणि म्हणाली, "आवडलं वाटतं तिला."

विद्यापीठानं इन-सुकला घेतलं. पुढे ती एका नगरपालिकेच्या संघातून खेळली, देशाच्या संघात गेली, जिंकत राहिली. समालोचक म्हणायचे हिच्या पाठीला डोळे आहेत. ती कधी मागे बघायची नाही, आणि कोणी आतून घुसायला लागलं की त्याच क्षणी दार लावल्यासारखी ती आत सरकायची. कसं कळतं, असं विचारलं तर म्हणायची, ऐकू येतं. मला तिनं वेगळं सांगितलं. "इंजिनीअर, मला मागचं ऐकू यायचं नाही. मी मागचं ऐकत असायचे. त्यात फरक आहे." प्रत्येक रिलेत ती वाकायची आणि वाट बघायची. हात लागायचे, चांगले, शिकवलेले, दोन्ही एकदम. ज्या वर्षी त्यांनी जगाचं पदक जिंकलं, त्या वर्षी तिला ढकलणारी मुलगी हॉटेलात म्हणाली होती, "ऑन्नी, मी ढकलते तेव्हा तुम्ही दरवेळी निराश होता. मला तुमच्या पाठीवरून कळतं." इन-सुक त्या रात्री जेवली नाही.

मग एका पडझडीत कोणाचं तरी पातं तिच्या घोट्यामागून गेलं. शीर जुळली, वेग जुळला नाही. ती गावी परत आली.

दरवर्षी मि-ओकच्या वाढदिवसाला ती मि-ओकच्या म्हाताऱ्या आईकडे जाऊन सार पीत असे. गेल्या पानगळीत म्हातारी गेली. या वर्षी सार करायला कोणी उरलं नाही, तेव्हा कोच पिशवीत सुकं शेवाळ घेऊन जंग-एच्या दुकानात आली. जंग-ए आता बसथांब्यासमोर कुट्टूच्या गार शेवया विकते. मी तिथं जेवत होतो.

"ऑन्नी, शेवाळ उकळायला तुला माझंच दुकान सापडलं?" जंग-ए म्हणाली. "आज माझ्या पोराची गाडीची परीक्षा आहे. तिसऱ्यांदा."

"तो शेवाळ खाल्ल्याशिवायच दोनदा नापास झाला ना? मग आज खाऊ घाल."

"तुझी जीभ दिवसेंदिवस म्हातारीसारखी व्हायला लागलीय." पण तिनं पातेलं ठेवलं. सार झालं तेव्हा तिनं तीन वाट्या मांडल्या. एक कोणाचीच नव्हती. कोचनं ती खिडकीकडच्या बाजूला सरकवली.

"तुझे आभार मानायचे राहिले या वर्षी," कोच म्हणाली. "त्या धक्क्याचे."

जंग-एनं चमचा खाली ठेवला. "दरवर्षी हेच म्हणतेस, आणि दरवर्षी माझ्या घशाखाली काही उतरत नाही. म्हातारी होती तोवर मी गप्प बसले. ऑन्नी, मी तुला ढकललं नाही."

कोचनं मान वर केली नाही. "कुठे पडलीस?"

जंग-एनं काड्यांचा डबा ओढला, दोन काड्या टेबलावर सरळ पट्ट्यासारख्या ठेवल्या, एका टोकाला मीठदाणी. "ही तू. ही मी." दुसरं भांडं तिनं इतक्या लांब ठेवलं की मला माझी वाटी उचलावी लागली. "मध्ये एक ट्रक मावला असता. मी पडले, हात पुढे केला, ओरडले, ऑन्नी थांब. नियम काय आहे? पडली तरी हात लावायलाच हवा, तू परत यायला हवं होतंस. मला वाटलं येशील."

"मला ऐकू नाही आलं."

"आणि मग तू गेलीस." जंग-एचा आवाज बारीक झाला. "मी पोटावर पडून बघत होते. तू पाय मारला नाहीस. थांबत आली होतीस, जवळजवळ थांबली होतीस. आणि पाय न मारता सुटलीस. आधी तुझी उजवी बाजू हलली, मग डावी. तशी तू फक्त मि-ओक ऑन्नीच्या हातानं हलायचीस. पंचांपुढे मी जी काय मान हलवली, ते हो नव्हतं, ऑन्नी. मी थरथरत होते."

मी म्हणालो, "बर्फाला उतार असेल तर..."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. "तू शेवया खा," जंग-ए म्हणाली.

कोचनं मीठदाणी उचलून जागेवर ठेवली. मग कोच म्हणाली, "म्हणजे पदक आपलं नाही."

"परत कोणाला करणार? तिनं दिलंय ना? मग तिलाच कर."

कोच जाताना तिसरी वाटी तशीच होती. वर तेलाचा तवंग धरला होता. जंग-ए ती ओतून टाकायला गेली आणि हात मागे घेतला. "अजून गरम आहे," ती मला म्हणाली. "बाकीच्या दोन कधीच्या गार झाल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरं यायच्या आधी, कोच यंत्रघरात आली. "आजचा बर्फ घातलास?"

"आत्ताच. अजून कोणी पाय ठेवला नाही."

"पंखे बंद कर."

मी बंद केले. काचेतून बघत उभा राहिलो. नवा बर्फ असतो तेव्हा त्यावर प्रत्येक पात्याची रेघ उमटते. कोणी कुठे जोर लावला, कुठे नुसतं घसरलं, सगळं वाचता येतं. ती एका बाजूनं आली, दोन-चार पाय मारले, सरळ पट्ट्याच्या तोंडाशी वाकली आणि पाय जोडले. हात गुडघ्यांवर. वेग मरत गेला. ती मध्यावर आली तेव्हा जवळजवळ थांबली होती. मान समोर. मी बघत होतो, आणि मला स्वतःलाच तिच्या मागे बघायचा धीर होईना, म्हणून मी तिच्या पाठीकडेच बघत राहिलो.

तिची उजवी बाजू हलली. मग डावी.

ती पाय न मारता निघाली आणि थेट पलीकडच्या गादीला जाऊन टेकली. तिथंच बसून राहिली.

मी बूट घालून बर्फावर गेलो. तिच्या दोन रेघा होत्या, सरळ, एकसारख्या, कुठेही जोराची खूण नाही, मध्यापासून गादीपर्यंत. मध्यावर बर्फाला हात लावला. तिथं पाणी होतं, तळव्याएवढं, दोन ठिकाणी. बर्फ नुकताच घातलेला होता, कुठे तरी पाणी राहू शकतं. मी नंतर सपाटी मोजली. गादीचं टोक मध्यापेक्षा किंचित उंच आहे. ती चढावर गेली होती.

मी तिच्याजवळ गेलो. तिनं अजून मागे पाहिलं नव्हतं.

"लागले?" मी विचारलं.

"लागले."

"तीच?"

"तीच. उजवा आधी." तिनं हेल्मेट काढलं, मांडीवर ठेवलं, आणि कमरेवर जिथं सुटाला सुरकुती पडते तिथं हात फिरवला, काही सापडतंय का बघावं तसा. "चिमटा नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही. तू यंत्रं शिकलास, इंजिनीअर, मला एवढं सांग. तिचा राग गेला नसेल तर ती मला ढकलते कशाला? आणि गेला असेल, तर चिमटा का काढत नाही?"